एपॉक्सीचा जोड सुटला? या चुका टाळा

एपॉक्सीने, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग कालवून लावायच्या गोंदाने, चिकटवलेली वस्तू पुन्हा हातात आली की बहुतेक जण जुना थर खरवडतात, नवी ट्यूब फोडतात आणि या वेळी दुप्पट माल लावतात. तसं करण्याआधी सुटलेल्या दोन्ही बाजू उजेडात धरा. सगळा थर एकाच बाजूवर आणि दुसरी बाजू कोरी असेल, तर तिथे ते चिकटलंच नव्हतं. थर मधून फाटून दोन्हीकडे राहिला असेल, तर चिकटलं होतं पण जोडाला ताण झेपला नाही. आणि थरात नख रुतत असेल, तर मिश्रणच चुकलं.

नख रुततं, चिकट राहतं

यामागे सहसा एक जुनी सवय असते. गाडीच्या बॉडीवर लावायच्या पॉलिएस्टर लांबीत (खड्डे भरायच्या लगद्यात) हार्डनर जरा जास्त टाकलं की ती लवकर घट्ट होते. तीच युक्ती एपॉक्सीवर केली की काम बिघडतं, कारण इथे हार्डनर रेझिनशी जोडी जमवून स्वतःच त्या थराचा भाग बनतं. जास्तीचं हार्डनर जोडीविना उरतं आणि थर रबरासारखा राहतो. वेग हवा असेल तर 5 मिनिटांचं एपॉक्सी घ्या किंवा ऊब द्या. साधारण 10 अंश तापमान वाढलं की लागणारा वेळ जवळपास निम्मा होतो. पंखा लावून काही होत नाही. हे रंगासारखं वाळत नाही, रासायनिक क्रियेने घट्ट होतं.

माप डोळ्यांनी घेतलं तरी चालतं, पण नीट घ्या. दोन्ही ट्यूबच्या तोंडाची भोकं सारखी नसली तर सारख्या लांबीच्या दोन रेघा म्हणजे सारखं माप नव्हे. 5 मिलीपेक्षा कमी माल लागणार असेल तर दोन वेगळ्या सिरिंज वापरा. वजनकाटा वापरणार असाल तर पाकिटावरचं वजनाचं प्रमाण वेगळं बघा: मापाने 1:1 असणारं एपॉक्सी वजनाने 100:80 असू शकतं.

संथ एपॉक्सी पूर्ण दोन मिनिटं ढवळा, 5 मिनिटांचं असेल तर निदान 45 सेकंद. कडेचा माल आणि काडीला लागलेलं मधे ओढत राहा, नाहीतर नेमका तोच न मिसळलेला भाग जोडावर जातो. हाताने मळायची एपॉक्सी पुटी असेल तर दोन रंगांच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत मळा. उरलेला माल पुठ्ठ्यावर ठेवून द्या आणि घट्ट झालं का ते त्याला टोचून बघा, जोडाला नको. मोठ्या प्रमाणात कालवलेलं संथ एपॉक्सी कपात तसंच ठेवू नका. स्वतःच्याच उष्णतेने ते तापतं, धुरतं आणि वेळेआधी दगड होतं. पसरट ताटलीत पसरून ठेवा.

दमट हवेत संथ एपॉक्सीवर कधी मेणचट थर येतो. आतला माल घट्ट असेल तर ही चूक नाही. पाण्याने घासून धुवा, मग पॉलिश पेपर मारा आणि त्यानंतरच रंग किंवा दुसरा थर द्या.

एक बाजू कोरी निघाली

सगळ्यात जास्त जोड इथे हरतात, आणि कारण बहुधा क्रमाचं असतं. तेलकट पृष्ठभागावर आधी पॉलिश पेपर फिरवला तर तेल ओरखड्यांत दाबलं जातं. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग 80 ते 120 नंबरचा पेपर मारा, मग नव्या कापडाने धूळ पुसा. पेट्रोलने पुसू नका. मागे तेलकट अंश राहतो आणि आग लागण्याचा धोका वेगळाच. धातू नीट साफ झाला का, हे पाण्याचे चार थेंब सांगतात: पाणी सलग पसरलं तर ठीक, मण्यांसारखं गोळा झालं तर अजून तेल आहे. परीक्षा झाली की पूर्ण कोरडं करा. घासलेलं ॲल्युमिनियम उघडं ठेवू नका, त्याच तासाभरात चिकटवा.

इंजिनाच्या ओतीव केसिंगला तडा असेल तर नुसतं पुसून भागत नाही. बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं. हीट गनने तापवा, तेल घामासारखं वर येतं; पुसा, पुन्हा तापवा. कापड कोरडं निघेपर्यंत हेच. थंड झाल्यावर पोलादाची पूड मिसळलेलं एपॉक्सी वापरा.

काही प्लास्टिकवर मात्र कितीही घासून उपयोग नाही. बंपर, वायपरच्या पाण्याची टाकी, बादली यांच्या आतल्या बाजूला पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा पीई (पॉलिथिलीन) अशी खूण कोरलेली असेल तर साधं एपॉक्सी नखाने सोलून निघेल. तिथे प्लास्टिक वेल्डिंग करा. एबीएस या कडक प्लास्टिकवर चिकटतं, पण ते ॲसिटोनने पुसू नका, पृष्ठभाग विरघळतो.

थर मधूनच फाटला

क्लॅम्प करकचून आवळला की सगळा माल बाहेर पिळला जातो आणि जोड उपाशी राहतो. तुकडे जागेवर राहतील इतकाच दाब पुरे. शिवाय कडेला कड लावलेला जोड मुळातच कमजोर. प्लास्टिकच्या तड्याच्या दोन्ही टोकांना 3 मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. वरून व्ही आकाराची खाच घ्या आणि मागून फायबर ग्लासच्या कापडाची पट्टी, तड्याच्या दोन्ही बाजूंना 3 सेंमी तरी जाईल अशी, एपॉक्सीत भिजवून बसवा. 5 मिनिटांचं एपॉक्सी तासाभरात घट्ट वाटलं तरी पूर्ण ताकदीला 24 तास द्या.

उष्णता विसरू नका. साधं एपॉक्सी 60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. सायलेन्सरवर ते टिकणार नाही. ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेंशन, चाकाची रिम आणि गॅसची नळी यांवर तर कोणतंही एपॉक्सी नको. हे भाग बदलायचेच असतात. कपाचा तुटलेला कान चिकटवा हवा तर, पण कपाच्या आतल्या तड्याला लावून त्यात चहा पिऊ नका.

जुना थर काढताना ॲसिटोनने तासन्‌तास घासत बसू नका, घट्ट झालेल्या एपॉक्सीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. खिडक्या उघडून हीट गनने मऊ करा आणि पट्टीने उचला. उरलेलं घासताना मास्क लावा. कालवताना नायट्राइलचे हातमोजे घाला. हाताला ओलं एपॉक्सी लागलंच तर साबण-पाण्याने धुवा. ॲसिटोनने पुसलं तर ते कातडीत आणखी मुरतं, आणि एकदा एपॉक्सीची ॲलर्जी झाली की ती सहसा जात नाही.