बार्शी लाईट, मीटरगेज आणि उजनीत गेलेला रूळ: आपल्या भागातली गेलेली रेल्वे शोधायची कशी

सोलापूरला रेल्वे आली 1860 ला. तेव्हा बोरघाटाचं काम चालू होतं, घाटातनं गाडी सुरू झाली 1863 ला, म्हणजे मधली तीन वर्षं मुंबईहून सोलापूरला येणाऱ्या माणसाला घाट उतरून-चढूनच पुढची गाडी धरावी लागायची. पुढे 1871 ला हीच लाईन रायचूरपर्यंत गेली. ती मेन लाईन आहे तिथं आहे, तिची काळजी नको. मी बोलतोय ते गेलेल्या लाईनींबद्दल. एक बार्शी लाईट या रेल्वे कंपनीची नॅरोगेज (अरुंद रुळांची छोटी लाईन), दुसरी सोलापूरजवळच्या होटगीवरून विजापूर-गदगकडं जाणारी मीटरगेज (रुळात एक मीटर अंतर) जिच्यावर आपली गोलगुंबझ एक्सप्रेस धावायची, आणि तिसरा म्हणजे जुन्या मेन लाईनचाच तुकडा जो उजनी धरणामुळं सोडून द्यावा लागला. या तिन्ही आपल्या आईवडिलांनी, आजी-आजोबांनी बघितलेल्या आहेत, त्यातून प्रवास केलाय, आणि घराघरातल्या अल्बममध्ये त्यांचे फोटो पडून आहेत.

सुरुवात माणसांपासून करा, नकाशापासून नको. नकाशे स्कॅन होऊन पडलेत, दहा वर्षांनी पण मिळतील. पण नॅरोगेजवर 1960 ला नोकरीला लागलेला गँगमन (रुळांची देखभाल करणारा) आज पंच्याऐंशीच्या पुढं आहे. त्यामुळं आधी आपल्या घरातली म्हातारी माणसं, मग सोलापुरातल्या रेल्वे लाईन्स, रामवाडी भागातले रिटायर्ड लोक, मग कुर्डुवाडी. कुर्डुवाडीला तर खास जा, कारण तिथं मोठी लाईन आणि छोटी लाईन भेटायची, लातूर-बार्शीकडनं आलेला माल एका डब्यातनं काढून दुसऱ्या डब्यात भरायला लागायचा, आणि ते काम करणाऱ्या हमालांच्या घरात अजून त्या गोष्टी निघतात. तिथलं रेल्वेचं वर्कशॉप पण मुळात नॅरोगेजचंच, अजून चालू आहे.

जाताना थोडी माहिती डोक्यात पाहिजे म्हणजे प्रश्न नीट पडतात. बार्शी लाईट काढली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं, रुळातलं अंतर अडीच फूट. 1897 ला कुर्डुवाडी ते बार्शी, 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरज, सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. एका ॲक्सलवर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) 5 टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही या हिशोबानं सगळं बांधलेलं, म्हणून रूळ हलके, भराव छोटे, पूल पण बारके. आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद लक्ष्मणराव फाटकांबरोबर रेल्वेच्या ठेकेदारीत उतरले ते याच लाईनच्या कामापासून, हे सोलापुरातल्या पोरांना माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं. 1954 ला सरकारनं कंपनी ताब्यात घेतली आणि 2000 नंतरच्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं सगळं ब्रॉडगेज, म्हणजे मोठी लाईन झालं.

आता विचारायचं कसं. "काका, हे कुठल्या साली?" असं विचारलं की नव्वद टक्के लोक गडबडतात किंवा अंदाजे काहीतरी ठोकून देतात. त्यापेक्षा मोठ्या घटनेला धरून विचारा. कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आधी का नंतर (डिसेंबर 1967), दुष्काळात का (1972), रेल्वेचा संप झाला तेव्हा तुम्ही कामावर होता का (मे 1974), किल्लारीच्या वेळी गाडी चालू होती का (30 सप्टेंबर 1993). आपल्या भागात किल्लारीची रात्र कुणीच विसरत नाही, त्यामुळं तेवढा एक खुंटा पक्का मिळतो आणि पुढचं-मागचं सगळं त्याला बांधता येतं. बायकांना वेगळं विचारा, कारण त्यांना इंजिनाचं काही सांगायचं नसतं, पण माहेरी जाताना कुठं पाणी प्यायचं, डब्यात कोण काय विकायला यायचं, यात्रेला जाताना कॉलऱ्याची सुई कुठं टोचायचे हे सगळं त्याच सांगतात. आणि आपल्याकडं बरेच लोक घरात तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, तर सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या अज्जांशी (आजोबांशी) बोलायचं असेल तर त्यांच्याच नातवाला शेजारी बसवा, माणूस आपल्या भाषेत लई मोकळं बोलतो. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारून, फोन समोर दिसेल असा ठेवून.

एक गोष्ट प्रत्येक जण सांगणार म्हणजे सांगणार: "गाडी एवढी हळू चालायची की आम्ही उतरून परत चढायचो." हे ऐकून हसून सोडून देऊ नका. लगेच विचारा, कुठं? कुठल्या स्टेशनाच्या पुढं? उजव्या हाताला काय होतं? कारण बहुतेक वेळा गाडी तिथंच हळू व्हायची जिथं चढ होता किंवा वळण होतं, आणि दोन-तीन माणसांनी एकच जागा सांगितली की तुम्हाला जमिनीवर बघायची जागा मिळाली. येडशीजवळच्या रामलिंगच्या घाटाबद्दल असं हमखास ऐकायला मिळतं.

फोटोकडं वळू. रेल्वेचा म्हणून काढलेला फोटो घरात क्वचित सापडतो. सापडतो तो लग्नाचा, यात्रेचा, बदली होऊन निघालेल्या साहेबाच्या निरोपाचा, आणि रेल्वे त्यात मागं असते. म्हणून माणसांच्या मागं बघायची सवय लावा. आमच्या आत्याच्या अल्बममध्ये पंढरपूर स्टेशनवरचा एक फोटो आहे, चार बायका, एका मुलाच्या हातात पताका. वर्षानुवर्षं घरात तो "पंढरपूरचा फोटो" एवढाच होता. नीट मोठा करून बघितल्यावर डाव्या कोपऱ्यात डब्याचं टोक दिसलं, आणि त्याला मधोमध एकच बफर (डब्यांची धडक झेलणारा टोकाचा दांडा). जुन्या ब्रॉडगेजच्या डब्याला दोन्ही बाजूला दोन बफर असतात, एकच मधला म्हणजे नॅरो किंवा मीटर, आणि पंढरपूरला मीटरगेज कधीच नव्हती, म्हणजे ही बार्शी लाईटच. डब्याचं छप्पर बायकांच्या डोक्यापासून हातभर वर, इतका बुटका डबा. दोघींच्या काखेत छत्री, अंगावर शाल-स्वेटर काही नाही, म्हणजे वारी बहुतेक आषाढीची, कार्तिकीला थंडी असती. हे सगळं आत्यासमोर ठेवून विचारलं तेव्हा तिनं त्या स्टेशनवरची अख्खी रात्र सांगितली, कुणी कुणाला खिडकीतनं आत ढकललं, कुणाचं गाठोडं राहिलं. नुसतं "आत्या, रेल्वेचं सांग ना" म्हणलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं.

तर फोटोत काय बघायचं: बफर, डब्याच्या उंचीशी माणसाची उंची, आणि डब्यावरची अक्षरं. जीआयपी (सेंट्रल रेल्वेच्या आधीची कंपनी) लिहिलेलं असेल तर गाडी 1951 च्या आधीची, कारण सेंट्रल रेल्वे झाली नोव्हेंबर 1951 ला, आणि बीएलआर (बार्शी लाईट रेल्वे) असेल तर 1954 च्या आधीची धरा. मात्र डबे लगेच रंगवून घेत नाहीत, त्यामुळं दोन-चार वर्षं इकडंतिकडं धरा. फोटोची मागची बाजू हमखास बघा, स्टुडिओचा शिक्का नाहीतर पेन्सिलीनं लिहिलेली तारीख असते. जुन्या अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, फाटतो. खिडकीजवळ उजेडात, फ्लॅश बंद करून मोबाईलनं काढा, सुटा असेल तर 600 डीपीआयला स्कॅन करा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर बारीक अक्षरं सगळी पुसट होतात.

नकाशाचं थोडक्यात सांगतो. सोलापूर जिल्ह्याचं 1884 चं बॉम्बे गॅझेटियर नेटवर फुकट आहे. अमेरिकन आर्मीनं 1950 च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे टेक्सास युनिव्हर्सिटीच्या साईटवर आहेत, त्यात नॅरोगेज, मीटरगेज वेगळ्या खुणेनं दाखवलेल्या आहेत. सर्च करताना इंग्रजीत शोलापूर असं जुनं स्पेलिंग टाका, आणि जुन्या कागदात कुर्डुवाडी सापडत नसेल तर बार्शी रोड बघा, स्टेशनचं नाव तेच होतं. गुगल अर्थमध्ये जुनी सॅटेलाईट चित्रं बघायची सोय आहे, 2010 च्या मागं जेवढं जाता येईल तेवढं जा. काळ्या रानातनं मुरमाच्या भरावाची फिकट पट्टी जाताना दिसते, आणि ती शेताच्या बांधासारखी काटकोनात वळत नाही, लांबलचक गोलाईनं वळते, ओळखायची खूण तीच. गावनकाशा आणि सातबारा पण ऑनलाईन बघता येतो, लांबट अरुंद गट दिसला की त्याच्या नावावर कोण आहे ते तपासा.

बऱ्याच ठिकाणी ब्रॉडगेज जुन्याच जागेवर टाकलीय, तिथं वेगळं काही उरलं नाही. शोधायचं तिथं जिथं नवी लाईन बाजूला गेली. धाराशिव शहर जुन्या नॅरोगेजवर नव्हतंच, ब्रॉडगेज करताना लाईन शहराकडं वळवली, त्यामुळं बार्शी आणि येडशीच्या मधे जुना मार्ग वेगळा पडलाय. अशा ठिकाणी आधी मोऱ्या शोधा, घडीव काळ्या दगडाच्या, ओढ्यावर उभ्या आणि वरनं रस्ता पण नाही वाट पण नाही. भराव शेतकरी सपाट करतो, खडी लोक घेऊन जातात, मोरी मात्र पावसाच्या पाण्यासाठी उपयोगाची म्हणून ठेवतात. शेतात शिरायच्या आधी मालकाला हाक मारा, "मामा, जुनी रेल्वे इथनंच जात होती का वो" एवढं विचारलं तरी माणूस स्वतः चालत येऊन दाखवतो. चालू रुळावर मात्र पाऊल टाकू नका, रेल्वे ॲक्टच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि जीवाचं तर विचारूच नका. चालू स्टेशनवर फोटो काढायचे तर आधी स्टेशन मास्तरांना भेटा.

डिकसळचा पूल राहिलाच. भीमेवरचा जुन्या मेन लाईनचा दगडी पूल, उजनी झाल्यावर रेल्वे दुसरीकडनं नेली आणि हा करमाळा-इंदापूरकडच्या गावांना रस्त्यासाठी राहिला. पूल जुना झालाय, वर गाडी घालू नका, काठावरनं बघा. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की जास्त दिसतं, आणि तिथले मच्छीमार बांधव पाण्याखालची जागा आपल्यापेक्षा चांगली ओळखतात, त्यांच्याशी बोला.

जमलेलं सगळं एका फोल्डरमध्ये, प्रत्येक फोटोच्या नावात गाव, अंदाजे साल आणि फोटो कुणाच्या घरचा ते टाका, आणि शेजारी त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहा, आपल्या भाषेत सुधारून नको. ज्यांनी फोटो दिला त्यांना एक चांगली प्रिंट काढून स्वतः नेऊन द्या, आणि प्रिंट द्यायला गेलात की थोडं बसा, कारण पहिल्या भेटीत न निघालेला दुसरा अल्बम बहुतेक वेळा तेव्हाच कपाटातनं बाहेर येतो.