सत्तांतराआधी सरकारी यंत्रणा जुळवताय? हाँगकाँगमध्ये झालेल्या या चुका टाळा

सार्वभौमत्वाचं हस्तांतर म्हटलं की आपल्याला आधी झेंडा आठवतो, पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी ऑफिसं उघडतात तेव्हा असते. कालचा कायदा आज चालतो का, न्यायाधीशाला अधिकार कुणी दिला, पगार कोण काढणार? ब्रिटनने हाँगकाँग चीनला द्यायचा करार १९ डिसेंबर १९८४ ला झाला आणि हस्तांतर १ जुलै १९९७ ला, म्हणजे साडेबारा वर्षं हातात होती, तरी गाडी अडकलीच.

सगळ्यात मोठी चूक विधिमंडळाची. ठरलं असं होतं की १९९५ ला निवडून आलेले सदस्य १९९७ ओलांडून पुढे तसेच बसतील, याला तिथे 'थ्रू ट्रेन' म्हणायचे, अट एवढीच की रचना १९९० च्या बेसिक लॉशी, म्हणजे चीनच्या ताब्यातल्या हाँगकाँगसाठी केलेल्या मूळ कायद्याशी, जुळली पाहिजे. मग १९९२ मध्ये ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटननी मतदारांचा पाया बराच वाढवायचे प्रस्ताव बीजिंगशी आधी न ठरवता जाहीर केले, नंतर चर्चेच्या कितीतरी फेऱ्या झाल्या पण जमलं नाही, आणि चीनने ट्रेनच रद्द केली. लोकांना जास्त मत मिळावं हे बरोबरच होतं, मी त्याच्या बाजूचाच आहे, पण ब्रिटनने हे काम कितीतरी आधी करायला हवं होतं, बेसिक लॉ पक्का झाल्यावर नाही. परिणाम काय, चीनच्या बाजूच्या ४०० जणांच्या समितीने डिसेंबर १९९६ मध्ये ६० जणांचं हंगामी विधिमंडळ निवडलं, आणि हाँगकाँगमध्ये जुनं विधिमंडळ चालू असल्यामुळे ते शेजारच्या चिनी शहरात, शेन्झेनमध्ये, बसायचं! एकाच शहरासाठी दोन विधिमंडळं, आणि सामान्य माणसाने कुणाचं ऐकायचं?

दुसरी चूक म्हणजे शेवटचं अपील कुठे जाणार हे लांबवत नेणं. आधी ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे ब्रिटिश वसाहतींच्या शेवटच्या अपील कोर्टाकडे, जायचं. नव्या कोर्टाबद्दल १९९१ मध्ये समझोता झाला, पण बाहेरचे न्यायाधीश किती यावर वाद पेटला आणि खरा तोडगा १९९५ ला निघाला, त्यामुळे कोर्ट आधीपासून चालवून बघायची संधी गेली आणि ते थेट १ जुलैलाच सुरू झालं.

कायद्यांची सलगता "बेसिक लॉमध्ये लिहिलंय ना" म्हणून सोडून देऊ नका. १ जुलैच्या पहाटे घाईघाईत रियुनिफिकेशन ऑर्डिनन्स (जुने कायदे, कोर्टं पुढे चालू ठेवणारा कायदा) पास करावा लागला, आणि तरी त्याच महिन्यात एका फौजदारी केसमधल्या आरोपींनी कोर्टात विचारलंच की कॉमन लॉ, म्हणजे आधीच्या निकालांवर उभी असलेली ब्रिटिश कायदापद्धत, टिकलाय का, आणि हे हंगामी विधिमंडळ कायदेशीर आहे का. अपील कोर्टाने दोन्हीला हो म्हटलं, पण हा प्रश्न कोर्टापर्यंत जायलाच नको होता.

कर्मचाऱ्यांचं मात्र नीट जमलं. बेसिक लॉच्या कलम १०० मध्ये नोकरी, ज्येष्ठता, पगार, भत्ते सगळं पुढे चालू राहील असं स्पष्ट होतं, आणि मुख्य सचिव अँसन चॅन ३० जूनलाही त्याच खुर्चीत होत्या आणि १ जुलैलाही.

आणि विधिमंडळाची ट्रेन खरंच चालू शकते का असं कुणी विचारलं तर पोर्तुगालकडून चीनकडे गेलेलं मकाव बघा: हस्तांतर २० डिसेंबर १९९९ ला झालं, आणि १९९६ ला निवडून आलेले बहुतेक सदस्य २००१ पर्यंत बसले. गव्हर्नरने नेमलेल्या ७ जागा मात्र नव्याने भराव्या लागल्या, कारण नेमणारा गव्हर्नरच उरला नव्हता.