डेअरडेव्हिल वाचायचंय? १६८ पासून सुरू करा

टीव्हीवरची सिरीज संपली की कॉमिक वाचावंसं वाटतं, मग माणूस शोधायला बसतो आणि समोर येतं काय, तर डेअरडेव्हिलचा पहिला अंक म्हणवणारे निदान आठ वेगवेगळे अंक. एक १९६४ चा, एक १९९८ चा, एक २०११ चा, मग २०१४, २०१५, २०१९, २०२२, २०२३. इथेच बरेच जण नाद सोडतात. मी आतापर्यंत चार-पाच मित्रमैत्रिणींना हे कॉमिक वाचायला लावलंय, त्यातले काही अजून वाचतायत आणि काही दहा अंकांत थांबले, त्यामुळे कोण कुठे अडकतं हे मला बऱ्यापैकी कळलंय, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

आधी आकड्यांची भीती घालवू. मार्व्हलवाले, म्हणजे हे कॉमिक काढणारी कंपनी, नवीन लेखक आला की बहुतेक वेळा मोजणी परत १ पासून सुरू करतात, कारण १ आकडा असला की नवीन वाचक उचलतो. आणि मधेच कधीतरी जुने सगळे अंक धरून एकूण बेरीज छापतात, म्हणून २००९ साली ११९ नंतरचा अंक थेट ५०० म्हणून आला. मधले काही गहाळ झालेले नाहीत. गोष्ट सलग आहे, मोजणीच तेवढी तुटलीय. त्यामुळे आकडा बघूच नका, लेखक कोण ते बघा. डेअरडेव्हिल म्हणजे खो-खो आहे हो अक्षरशः, एक लेखक खो देऊन बसतो आणि दुसरा उठून तिथूनच पळायला लागतो, आणि जाणारा लेखक मॅट मर्डॉकला, म्हणजे मुखवट्यामागच्या डेअरडेव्हिलला, जितक्या वाईट खड्ड्यात सोडून जाईल तितकी पुढच्याची सुरुवात जबरदस्त होते. हे इतकं सातत्याने दुसऱ्या कुठल्याही सुपरहिरोच्या बाबतीत झालेलं मी तरी बघितलं नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधला हेल्स किचन हा भाग, तिथला मॅट नावाचा मुलगा एका म्हाताऱ्याला ट्रकखाली जाण्यापासून वाचवतो, ट्रकमधला किरणोत्सारी पदार्थ डोळ्यांत जाऊन त्याची दृष्टी जाते पण बाकीची सगळी ज्ञानेंद्रियं कमालीची तीव्र होतात. बाप बॉक्सर, ठरवून हरायला नकार दिला म्हणून मारला जातो. पोरगा वकील होतो, दिवसा मित्र फॉगी नेल्सनबरोबर कोर्टात आणि रात्री मुखवटा घालून गच्च्यांवर. एवढं माहीत असलं की पुरे.

आता पहिला प्रश्न, १९६४ पासूनच का नाही वाचायचं? स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांचा तो पहिला अंक छान आहे, जरूर वाचा, पण तो एकच. सुरुवातीला त्याचा ड्रेस पिवळा होता आणि ७ व्या अंकात वॉली वुडने त्याला तो प्रसिद्ध लाल ड्रेस दिला, त्याच अंकात तो समुद्राचा राजा नेमॉर याच्याशी लढतो, जिंकायची काहीच शक्यता नसते तरी परत परत उठतो. हा माणूस कसा आहे ते त्या वीसेक पानांत कळतं. पण त्यानंतरचे दीडशे अंक सलग वाचायला घेतलेत तर बहुधा पन्नाशीच्या आत सोडाल. वाईट आहेत असं नाही, जीन कोलनची चित्रं तर अप्रतिम आहेत, पण तो काळ वेगळा होता, प्रत्येक पात्र आपण काय करतोय ते तोंडाने बोलून सांगतं आणि डेअरडेव्हिल तेव्हा स्पायडरमॅनचा धाकटा भाऊ वाटतो. त्याला स्वतःचा आवाज नंतर मिळाला.

तो मिळाला फ्रँक मिलरमुळे. १९७९ मध्ये १५८ व्या अंकापासून मिलर चित्रं काढायला लागला, तेव्हा लेखन रॉजर मकेन्झीचं होतं आणि कॉमिकची अवस्था इतकी वाईट होती की ते दोन महिन्यांतून एकदा निघायचं. मग १६८ पासून, म्हणजे जानेवारी १९८१ च्या अंकापासून, लेखनही मिलरकडे आलं. तुम्ही इथून सुरू करा. १५८ पासून सुरू करा असं सांगणारे पण आहेत, त्यांचं चूक नाही, पण मी ज्यांना १५८ दिला ते रेंगाळले आणि ज्यांना १६८ दिला त्यांनी दुसऱ्या दिवशी पुढचा मागितला.

१६८ मध्ये होतं काय, तर इलेक्ट्रा येते. मॅटचं कॉलेजमधलं प्रेम, आता पैसे घेऊन माणसं पकडणारी, आणि एकाच अंकात मागचं आणि आताचं असं सगळं मांडून होतं, आधीचं काहीही वाचलेलं नसलं तरी चालतं. दोन अंकांनी, १७० मध्ये, किंगपिन येतो. तो मूळचा स्पायडरमॅनच्या कॉमिकमधला खलनायक, १९६७ पासूनचा, पण मिलरने त्याला इथे आणून असा काही उभा केला की आज किंगपिन म्हटलं की डेअरडेव्हिलच आठवतो. मग हॅन्ड ही निन्जा टोळी, मग मॅटचा आंधळा गुरू स्टिक, टीव्हीवर बघितलेलं जवळजवळ सगळं या दोन-अडीच वर्षांत जन्मलंय. आणि चित्रं नीट बघा. क्लाउस जॅन्सनच्या शाईने ते शहर ओलं, काळं, घाणेरडं आणि तरी सुंदर दिसतं, गच्च्यांवरच्या लाकडी पाण्याच्या टाक्या, बाहेरून जाणारे लोखंडी जिने, लांबच लांब उभ्या चौकटी ज्यात माणूस खाली पडतोय आणि एक शब्द नाही. मी पहिल्यांदा वाचताना फक्त संवादांचे फुगे वाचत पानं उलटली होती, दुसऱ्यांदा वाचताना कळलं की अर्धी गोष्ट शब्दांशिवायच सांगितलीय.

एक विनंती, १८१ व्या अंकाबद्दल आधी काहीही वाचू नका, मुखपृष्ठ पण नेटवर शोधू नका. सरळ ओळीने १६८ ते १९१ वाचा. १९१ मध्ये हॉस्पिटलची एक खोली आहे, दोनच माणसं आहेत आणि एक पिस्तूल आहे, बाकी काही नाही, आणि मला विचाराल तर सुपरहिरो कॉमिकमध्ये इतका शांत आणि इतका भीतीदायक अंक क्वचितच सापडतो.

त्यानंतर बॉर्न अगेन, अंक २२७ ते २३३, साल १९८६, लेखक परत मिलर आणि चित्रकार डेव्हिड मॅझुकेली. मधले अंक सोडा, काही अडत नाही. खूप ठिकाणी हेच पहिलं वाचा असं सांगतात कारण सात अंकांत संपतं आणि डेअरडेव्हिलचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक हेच. मी मात्र नाही म्हणेन. गोष्ट अशी सुरू होते की करेन पेज, मॅट आणि फॉगीच्या ऑफिसातली जुनी सेक्रेटरी, मॅटचं जुनं प्रेम, आता व्यसनात पार बुडालेली, एका डोससाठी डेअरडेव्हिलचं खरं नाव विकते. ते फिरत फिरत किंगपिनकडे पोचतं आणि तो मॅटला मारत नाही, आधी त्याची बँक खाती जातात, मग वकिलीची सनद, मग घर, मग डोकं ठिकाणावर राहणं. हे सगळं समजायला आधी तो माणूस उभा असलेला बघितला पाहिजे, तरच तो कोसळताना काहीतरी तुटतं आत. माझ्याकडे सगळ्यात पहिल्यांदा याच गोष्टीतला मधलाच एक सुटा अंक आला होता, फोर्टच्या फुटपाथवर मिळालेला. चित्रं बघून वेडा झालो पण हा बेघर माणूस कोण आणि त्याच्यासाठी मी का रडू हे काही कळलं नव्हतं. मिलरचे आधीचे अंक वाचून परत त्या पानावर आलो तेव्हा कळलं.

इथून पुढे बहुतेक जण सरळ २००१ वर उडी मारतात आणि अ‍ॅन नोसेंटी राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं. १९८६ ते १९९१ अशी पाच वर्षं तिने हे कॉमिक लिहिलं, जास्तीत जास्त चित्रं जॉन रोमिटा ज्युनियरची. तिच्या गोष्टीत टायरोन नावाचा एक छोटा मुलगा आहे, कंपनीने सोडलेल्या विषारी पाण्यामुळे आंधळा झालेला, मॅट त्याच्या बाजूने उभा राहतो आणि त्या कंपनीची बाजू घेऊन कोर्टात कोण उभा असतो तर फॉगी. मारामारीने सुटणारा प्रश्नच नाही हा. टायफॉइड मेरी हे पात्रही तिचंच, २५४ व्या अंकात आलेलं. सगळं वाचायला नाही जमलं तर २५० ते २६० च्या आसपासचे तरी वाचा.

आता ज्यांना टीव्हीवरची सिरीज आवडली म्हणून यायचंय आणि ऐंशीच्या दशकातली चित्रं डोळ्याला जुनी वाटतात, त्यांच्यासाठी दुसरा दरवाजा आहे. लेखक ब्रायन मायकल बेंडिस आणि चित्रकार अ‍ॅलेक्स मालीव्ह. ही १९९८ ला सुरू झालेली मालिका, त्यातले अंक १६ ते १९ बेंडिसचे आहेत पण चित्रकार डेव्हिड मॅक, मग २० ते २५ दुसऱ्याच लेखकाचे आहेत ते सोडून द्या, आणि २६ पासून खरी गंमत सुरू. ३२ व्या अंकात एका वर्तमानपत्रात बातमी येते की मॅट मर्डॉक हाच डेअरडेव्हिल, आणि सुपरहिरो कॉमिकमध्ये असं झालं की आपल्याला वाटतं आता कोणीतरी जादू करेल आणि सगळे विसरतील, पण इथे कोणी विसरत नाही. दारात पत्रकार, कोर्टात न्यायाधीश वेगळ्या नजरेने बघतायत, आणि मॅट काय करतो तर वर्तमानपत्रावरच केस ठोकतो, खोटं बोलून, वकील असून. ३८ ते ४० मधला खटला तर सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत वाचा. ५१ ते ५५ परत मॅकचे आहेत, एको या पात्राचे, सुंदर आहेत पण वेग एकदम थांबतो, म्हणून नंतर वाचले तरी चालतील.

बेंडिस ८१ व्या अंकात थांबतो तेव्हा मॅट तुरुंगात असतो. खो! ८२ पासून एड ब्रुबेकर आणि चित्रकार मायकल लार्क. ज्या तुरुंगात त्यानेच पकडून दिलेली माणसं भरलीयत तिथे तो, मुखवट्याशिवाय. ८१ आणि ८२ च्या मध्ये थांबू नका, दोन्ही हाताशी ठेवूनच बसा.

ज्यांना एवढा अंधार झेपत नाही त्यांनी २०११ चा मार्क वेड घ्यावा. मित्राच्या बायकोला मी हाच दिला होता, आता तिच्याकडे सगळे खंड आहेत. वेडचा मॅट ठरवून हसतो, जगून इतकं सहन केल्यावर आता मी आनंदी राहणार असा हट्ट धरल्यासारखा, आणि पाओलो रिव्हेरा, मार्कोस मार्टिन, मग ख्रिस सॅमनी यांनी त्याला जग कसं जाणवतं ते इतकं मोकळं काढलंय. पण बघा, बेंडिसच्या वेळची ती बातमी इथेही त्याचा पिच्छा सोडत नाही, कोर्टात उभं राहिलं की समोरचा वकील तेच काढतो, म्हणून मॅट आणि फॉगी अशिलांनाच स्वतःची बाजू मांडायला शिकवतात. ७ वा अंक वेगळा काढून वाचला तरी चालतो, बर्फात बस उलटते आणि मॅट आंधळ्या मुलांना घेऊन बाहेर पडतो, त्या अंकाला २०१२ चा आयझनर हा कॉमिक्ससाठीचा पुरस्कार मिळालाय.

२०१९ पासूनचा चिप झडार्स्की पण फार चांगला, चित्रकार मार्को केकेत्तो. पहिल्याच गोष्टीत डेअरडेव्हिलच्या हातून एक भुरटा चोर मरतो आणि तो अपराध पुढे अंकामागून अंक त्याच्या मानेवर बसलेला असतो. ताजं काहीतरी हवं असेल तर इथून सुरू केलं तरी चालेल, पण मिलर वाचलेला असेल तर चर्चमधल्या पानांना वेगळंच वजन येतं.

आता कुठून सुरू करू नका. डेअरडेव्हिल यलो, जेफ लोब आणि टिम सेलचं, सहा अंकांचं. सुरुवातीच्या दिवसांची गोष्ट म्हणून नवीन माणसाला हेच देतात, पण ती सगळी पत्रं आहेत, आणि ज्या व्यक्तीला लिहिलीयत तिची ओळखच नसेल तर ती पत्रं फुकट जातात. सगळ्यात शेवटी वाचा. मॅन विदाउट फिअर चालेल, पाच अंक, मिलर आणि रोमिटा ज्युनियर, पण बॉर्न अगेननंतर जास्त भिडेल. २०१० चं शॅडोलँड वगळलं तर काही बिघडत नाही.

वाचायचं कुठे, तर सगळ्यात सोपं मार्व्हल अनलिमिटेड ॲप. त्यात नुसतं डेअरडेव्हिल टाकलं की गोंधळ होतो, म्हणून नावापुढचं साल बघा, मिलर आणि नोसेंटी १९६४ च्या मालिकेत सापडतील, बेंडिस आणि ब्रुबेकर १९९८ च्या, वेड २०११ आणि २०१४ च्या. फोनवर वाचाल तर मालीव्हची पानं काळीकुट्ट दिसतात, ब्राइटनेस वाढवा, शक्य असेल तर टॅब्लेट घ्या आणि फोन असला तर आडवा धरण्यापेक्षा पूर्ण पान दिसेल असा धरा. पुस्तकं घ्यायची तर एकदम जाडजूड ऑम्निबस, म्हणजे ढीगभर अंक एकत्र बांधलेलं पुस्तक, मागवू नका, आधी एक साधा पेपरबॅक घेऊन बघा, आणि मागच्या बाजूला कोणत्या अंकांपासून कोणत्या अंकांपर्यंत ते छापलेलं असतं ते तपासल्याशिवाय पैसे देऊ नका, सारख्या नावाची दोन-दोन पुस्तकं निघतात. जुन्या अंकांत चौकटीच्या खाली संपादकाची बारीक टीप असते, अमुक अंक बघा म्हणून, ती वाचून मागे जायचा मोह होईल. जाऊ नका, पुढचं पान उलटा.