कोड, भाजल्याचे व्रण, फाटलेल्या ओठाचा टाका: मुलांच्या ऑनलाइन काउन्सेलिंगचे पैसे वसूल होतायत का, ते कसं बघायचं

पहिली गोष्ट, ऑनलाइनची फी आणि प्रत्यक्ष भेटीची फी एवढंच शेजारी ठेवून बघू नका. समजा कराडची आई 15 वर्षांच्या पोराला घेऊन पुण्यात काउन्सेलरकडे जातेय, फी 800, एसटी रिक्षा नाश्ता मिळून हजार (आईला अर्धं तिकीट आहे हे धरून), आईचा बुडालेला रोज 400, म्हणजे एक भेट 2,200 ला पडली आणि पोराची शाळा बुडाली ती वेगळीच. घरबसल्या तेच 800 त होतं.

पण थांबा, खरी गंमत पुढे आहे. ॲपवाले 8 सेशनचं पॅकेज 6,400 ला गळ्यात मारतात, पोरगं 3 करून कंटाळतं, की झालं, एक सेशन 2,133 ला गेलं, म्हणजे पुण्याला गेल्यासारखंच. म्हणून पॅकेज घ्यायचंच नाही, एकेक सेशनचे पैसे भरायचे, आणि फी ला भागायचं ते झालेल्या सेशननी, विकत घेतलेल्या नाही.

सुरुवात फुकटातून करा. टेलिमानस 14416, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, मराठीत बोलतात. मुंबईच्या टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) ची आयकॉल हेल्पलाइन पण आहे. कोड असेल तर पुण्यात डॉ. माया तुळपुळेंची श्वेता असोसिएशन आहे, तिथे कोड असलेलीच माणसं भेटतात, ते कुठल्याही ॲपमध्ये मिळत नाही असं माझं मत. यावर भागलं नाही तर मग पैसे घालवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणत असतील तर आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन नंबर बिनधास्त विचारा, आणि "चेहऱ्यावरून चिडवलं जाणाऱ्या मुलांसोबत काम केलंय का" हेही. कारण नुसतं "आत्मविश्वास वाढव" ऐकायला 800 कशाला?

नेमकं काय शिकवायला हवं? इंग्लंडात ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ इंग्लंडमध्ये 12 ते 17 वयाच्या, दिसण्यात वेगळेपण असलेल्या मुलांसाठी वायपी फेस आयटी नावाचा 7 आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स बनवलाय, डच आणि नॉर्वेजियन भाषेतही झालाय, मराठीत नाही. त्यात भर आहे तो विचार बदलण्यावर आणि लोकांशी बोलायच्या सरावावर. काउन्सेलरकडून हेच मागा. उदा. कोणी विचारलं "हे काय झालंय तुला?" तर उत्तर तयार हवं: "कोड आहे, लागत नाही कोणाला, बरं तुझा गणिताचा पेपर कसा गेला?" सांगायचं, धास्ती घालवायची, विषय बदलायचा. हा सराव घरी जेवताना पण होतो, फुकट, फक्त मामाने मध्येच "अमुक मलम लाव" सुरू करू नये 😅

आता फायदा मोजायचा कसा. "बरं वाटतंय का" विचारलं की पोरं "हो" म्हणून मोकळी होतात. त्यापेक्षा सुरू करायच्या आधी वहीत लिहून ठेवा, महिन्यात शाळा किती दिवस बुडाली, उन्हाळ्यातही फुल बाह्या किती दिवस, लग्नाला यायला नाही किती वेळा म्हटलं. चार सेशननंतर परत मोजा. एकूण खर्च भागिले वाचलेले शाळेचे दिवस, एवढा हिशोब घरगुती पातळीवर पुरे.

घरात एकच फोन असेल आणि सेशन चालू असताना आजी शेजारी टीव्ही बघत बसली असेल तर पोरगं काही बोलणार नाही आणि पैसे पाण्यात, म्हणून हेडफोन आणि वेगळी खोली नाहीतर गच्ची, हे आधी. आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी "मागच्या वेळचं करून बघितलंस का" विचारायला हवं, नाहीतर हे कोर्स अर्धवट सुटतात.

स्वतःला इजा करणं, मरायच्या गोष्टी, खाणं सोडणं असं काही दिसलं तर मात्र वरचा हिशोब बाजूला, 14416 लावा आणि थेट जवळच्या डॉक्टरकडे घेऊन जा. बाकी वेळी चार सेशननंतर वहीतला एकही आकडा हलला नसेल तर काउन्सेलरला तो दाखवा, पुढे काय बदलणार ते विचारा, उत्तर गोलमोल आलं तर दुसरा शोधा.