सैनिकी मूलभूत प्रशिक्षणाची तयारी : या चुका टाळा

सैन्याच्या मूलभूत प्रशिक्षणाला जाणाऱ्या उमेदवारांची सर्वांत महागात पडणारी चूक बहुधा प्रशिक्षण केंद्रात पाऊल ठेवण्यापूर्वीच घडून गेलेली असते. निवडीची शारीरिक चाचणी उत्तीर्ण झाली आणि वैद्यकीय तपासणी पार पडली, की अनेक जण निश्चिंत होतात आणि रुजू होण्याची तारीख येईपर्यंतचे आठवडे, कधी कधी महिने, व्यायामाशिवाय घालवतात. मग तारीख तीन आठवड्यांवर आली, की धास्तावून सकाळ-संध्याकाळ धावू लागतात. निवडीची चाचणी एका दिवसात आटोपते, तर मूलभूत प्रशिक्षण काही सैन्यांत अडीच-तीन महिने आणि काही ठिकाणी सहा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ चालते. ते नवख्यांसाठीच आखलेले असल्यामुळे पहिल्या दिवशी कोणी तयार सैनिक असावा, अशी अपेक्षा तेथे नसते. प्रशिक्षण अर्धवट सुटते ते बहुतेक वेळा दुखावलेल्या पायांमुळे, न सोसलेल्या अपुऱ्या झोपेमुळे आणि वेळीच न सांगितलेल्या तक्रारींमुळे; म्हणून तयारीचा बराचसा भार याच बाबींवर असायला हवा.

हाडांना वेळ न देणे

नियमित व्यायामाने हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच अधिक भार पेलू लागतात, स्नायूही तुलनेने लवकर बळकट होतात, पण हाडांचा वेग फार संथ असतो. भार वाढला, की हाडातील जुना भाग आधी झिजवला जातो आणि त्याच्या जागी नवे, अधिक मजबूत हाड नंतर भरले जाते. झिजण्याची क्रिया दोन-तीन आठवड्यांत होते, तर भरण्याची क्रिया सुमारे तीन महिने चालते. याचा अर्थ असा, की अचानक धावायला लागलेल्या माणसाचे हाड साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तात्पुरते नाजूक झालेले असते, आणि नेमक्या त्याच वेळी दमसास वाढल्यामुळे त्याला आपण आणखी धावू शकतो, असे वाटत असते. शेवटच्या तीन आठवड्यांत केलेली घाईची तयारी म्हणूनच न केलेल्या तयारीपेक्षा वाईट ठरू शकते, कारण असा उमेदवार हाडांच्या सर्वांत नाजूक अवस्थेत संचलनाच्या मैदानावर उतरतो.

सैन्याला हा विकार नवा नाही. प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट याने १८५५ मध्ये लांब पल्ल्याच्या कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन केले होते. त्यामागे हाडाला गेलेली बारीक चीर असते, हे स्पष्ट व्हायला क्ष-किरणांचा १८९५ मधील शोध लागावा लागला. आजही अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या क्ष-किरण चित्रात अनेकदा दिसत नाही. ‘एक्स-रे स्वच्छ आहे, म्हणजे काही झालेले नाही’ हा निष्कर्ष काढून पुन्हा धावायला जाणे ही त्यामुळे स्वतंत्र चूकच आहे.

यावर उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. रुजू होण्याच्या किमान तीन महिने आधी सुरुवात करावी, आठवड्यातून तीनच दिवस आणि शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे, मधल्या दिवसांत वेगाने चालावे किंवा ताकदीचे व्यायाम करावेत. अंतर, वेग आणि पाठीवरचे ओझे या तिन्हींपैकी एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवावी. ओझे घेऊन चालण्याचा सराव आठवड्यातून एकदा पुरेसा असतो. सुरुवात शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवावी, आणि ओझे घेऊन धावण्याचा मोह टाळावा. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा.

एवढे करूनही नडगी दुखू लागली, तर दुखणे कसे आहे ते पाहावे. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेला, व्यायामाच्या सुरुवातीला जाणवून अंग तापल्यावर कमी होणारा ठणका बहुधा विश्रांतीने आणि अंतर घटवल्याने बरा होतो. बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, धावताना ते वाढत असेल आणि पुढे चालताना किंवा रात्री पडल्या पडल्याही जाणवू लागले असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वेदनाशामक गोळी घेऊन सराव चालू ठेवणे हा येथील सर्वांत घातक मार्ग आहे.

फक्त जोर काढत राहणे

जोर काढण्याचा आकडा मित्रांना सांगायला बरा वाटतो, म्हणून त्याचा सराव जास्त होतो. प्रशिक्षणात मात्र उभे राहणे, चालणे, वाकून उचलणे, रांगणे आणि वाहून नेणे याच गोष्टी दिवसभर चालतात. त्यामुळे बैठका, पायऱ्या चढणे, पाठ व पोट यांचे व्यायाम आणि एका हातात वजन घेऊन चालणे यांकडे दुर्लक्ष करू नये. जोर आणि दोरी किंवा दांडा धरून शरीर वर उचलणे यांचा सराव संबंधित सैन्याच्या नेमक्या निकषांप्रमाणे करावा. अर्धवट खाली जाऊन काढलेले पन्नास जोर परीक्षकाच्या लेखी शून्य असू शकतात.

पावले आणि बूट

कातडी बूट मिळणार असतील, तर ते आधी कोठून तरी विकत घेऊन रुळवण्याची घाई करू नये. अनेक सैन्ये पायाचे माप घेऊन स्वतःच बूट देतात आणि बाहेरचा जोड चालू देत नाहीत. आधी सूचनापत्र नीट वाचावे. धावण्याच्या सरावासाठी मात्र चांगल्या स्थितीतील धावण्याचेच बूट वापरावेत. फोड येण्यापूर्वी त्या जागी आधी उष्णता आणि चुरचुर जाणवते. तेव्हाच थांबून मोजे बदलले, ती जागा कोरडी केली आणि वर चिकटपट्टी लावली, तर पुढचे आठ दिवस वाचतात. फोड आलाच, तर वरची त्वचा सोलून काढू नये. नखे सरळ आणि आखूड कापावीत.

पाण्याबद्दलचा अतिरेक, दोन्ही बाजूंनी

उन्हात कमी पाणी पिणे धोक्याचे असते, हे सर्वांनाच माहीत असते. जास्त पाणी पिण्यानेही जीव जाऊ शकतो, हे फार थोड्यांना माहीत असते. घामावाटे क्षार जात असताना भराभर नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. प्रशिक्षणार्थींमध्ये असे प्रकार घडल्यावर अमेरिकी लष्कराने १९९०च्या दशकाच्या अखेरीस आपले नियम बदलले आणि ताशी सुमारे १.४ लिटर व दिवसाला सुमारे ११.४ लिटर अशी पाण्याची कमाल मर्यादाच घालून दिली. ही वरची सीमा आहे. तेवढे पाणी प्यायलेच पाहिजे, असा तिचा अर्थ नाही. भरपूर पाणी पिऊनही डोके दुखत असेल, पोट फुगले असेल, उलट्या होत असतील आणि लघवी पाण्यासारखी स्वच्छ असेल, तर आणखी पाणी पाजणे थांबवून तत्काळ वैद्यकीय पथकाला बोलवावे.

उष्णतेची सवयही आधीच करून घेता येते. रोज तासाभराचा मध्यम श्रमाचा व्यायाम उष्ण वेळी केल्यास शरीर साधारण दहा ते चौदा दिवसांत जुळवून घेते : घाम लवकर सुटतो, त्यातील क्षार कमी होतात आणि नाडी कमी वाढते. हा सराव एकट्याने करू नये. बरोबरचा कोणी उन्हात असंबद्ध बोलू लागला किंवा अडखळत चालू लागला, तर तो उष्माघातच समजावा आणि मदत येण्याची वाट न पाहता त्याचे अंग थंड पाण्याने गार करायला सुरुवात करावी. अतिश्रमानंतर लघवी गडद तपकिरी झाली, तर स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नये. या दोन्ही धोक्यांत भर घालणारी उत्तेजक पावडरी आणि पूरके बंद करावीत, आणि वजनाच्या काट्यासाठी ऐनवेळी उपाशी राहणेही टाळावे.

व्यसने आणि झोप ‘तिथे गेल्यावर सुटतील’ असे समजणे

ती सुटतात, यात शंका नाही; पण नेमक्या वाईट दिवशी. चहा-कॉफीतील कॅफिनची सवय असलेल्या माणसाने ती एकदम बंद केली, की बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, पहिले दोन दिवस त्रास तीव्र असतो आणि तो आठवडाभरही रेंगाळू शकतो. तंबाखूतील निकोटिन बंद झाल्यावरची चिडचिड आणि बेचैनी पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचते. नवी जागा, अपुरी झोप आणि सतत कानावर पडणारे आदेश यांच्या जोडीला हे ओढवून घेण्याऐवजी महिनाभर आधीपासून कॅफिन हळूहळू उतरवावे आणि तंबाखू पूर्ण सोडावी. शिवाय धूम्रपान करणाऱ्या प्रशिक्षणार्थींना दुखापती अधिक होतात, असे सैनिकी वैद्यकातील अभ्यासांत वारंवार दिसून आले आहे.

काही जण कमी झोपेची ‘सवय’ करण्यासाठी आधीच जागरणे करतात. झोपेची कमतरता सरावाने भरून निघत नाही. उलट शरीर थकलेले पोहोचते. बदलायची ती फक्त वेळ. केंद्रात उठावे लागेल त्या पहाटेच्या वेळी दोन-तीन आठवडे आधीपासून उठावे आणि त्या प्रमाणात लवकर झोपावे.

ओरडणे मनाला लावून घेणे

मानसिक तयारी म्हणजे मन कठोर करणे, अशी समजूत असल्यामुळे काही उमेदवार ताठपणाने केंद्रात दाखल होतात आणि पहिल्याच आठवड्यात मोडतात. प्रशिक्षकाचे ओरडणे, मिनिटांत संपवायचे जेवण, पुन्हा पुन्हा उसकटून लावायला लावलेला बिछाना यांमागे एक उद्देश असतो : घाई, गोंगाट आणि थकवा असतानाही ठरलेली कृती ठरलेल्या क्रमाने करण्याची सवय लावणे. तो बिछाना पुन्हा लावण्यात तुमच्या व्यक्तिमत्त्वाबद्दलचा कोणताही निवाडा नसतो. चूक दाखवली गेल्यावर ती का झाली, याचे स्पष्टीकरण देत बसणे ही नवख्याची सहज प्रतिक्रिया असते आणि तीच सर्वांत लवकर अंगाशी येते. होकार द्यावा, दुरुस्ती करावी आणि पुढे जावे. याचा अर्थ सर्व काही निमूटपणे सोसावे, असा मात्र नाही. मारहाण, लैंगिक त्रास किंवा पैशांची मागणी हा प्रशिक्षणाचा भाग नसतो, आणि त्याची तक्रार कोठे करायची, हे पहिल्याच दिवसांत माहीत करून घ्यावे.

एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना शिक्षा झाली, की त्या एकावर राग काढणे सोपे असते, आणि तुकडी तिथेच फुटते. ज्याला बिछाना जमत नाही त्याला ज्याला जमतो त्याने मदत करावी, हीच त्या शिक्षेमागची अपेक्षा असते.

दिवस मोजणे हीदेखील एक फसवी सवय आहे. पहिल्या आठवड्यात उरलेल्या दिवसांचा आकडा इतका मोठा असतो, की तो पाहूनच धीर सुटतो. लक्ष पुढच्या जेवणापर्यंत, पुढच्या तासिकेपर्यंत ठेवावे. छाती धडधडू लागली, तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावत चार-सहा श्वास घ्यावेत. रांगेत उभे असतानाही हे कोणाच्या लक्षात येत नाही. घरची आठवण पहिल्या आठवड्यांत सर्वाधिक छळते, आणि त्या मनःस्थितीत प्रशिक्षण सोडण्याचा निर्णय घेऊ नये. मात्र झोप आणि भूक उडून दिवसेंदिवस उदासी वाढत असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर ते त्याच दिवशी प्रशिक्षकाला, डॉक्टरला किंवा समुपदेशकाला सांगावे.

लपवाछपवी

दमा, जुनी शस्त्रक्रिया, चालू असलेली औषधे किंवा पूर्वी मोडलेले हाड तपासणीत लपवणे हा नियमभंग तर आहेच, पण त्याहून मोठा धोका असा, की संकटाच्या क्षणी उपचार करणाऱ्याला खरी माहितीच मिळत नाही. दुखापत लपवण्यामागे बहुधा मागच्या तुकडीत ढकलले जाण्याची भीती असते. ती भीती समजण्यासारखी आहे, पण हिशेब चुकीचा आहे : नडगीच्या सुरुवातीच्या दुखण्याला काही दिवसांची सूट पुरते, पूर्ण चीर गेलेल्या हाडाला कित्येक आठवडे लागतात, आणि मांडीच्या हाडाच्या मानेजवळ चीर गेली, तर कायमचे अपंगत्वही येऊ शकते. जांघेत खोलवर दुखत असेल, तर म्हणूनच एक दिवसही थांबू नये.

कागदपत्रे आणि मागे राहिलेले घर

दातांचे दुखणे आधी मिटवावे. चष्मा असल्यास जादा जोड घ्यावा, कारण कॉन्टॅक्ट लेन्स अनेक ठिकाणी चालत नाहीत. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. यादीत नसलेली एकही वस्तू नेऊ नये. ती पहिल्याच तपासणीत बाहेर निघते. फोन जमा होणार, हे गृहीत धरून घरचे दोन-तीन क्रमांक पाठ करावेत, आणि घरच्यांना सांगून ठेवावे, की पहिले काही आठवडे संपर्क झाला नाही, तर त्याचा अर्थ काही विपरीत घडले आहे, असा होत नाही. कर्जाचे हप्ते, भाडे, बिले आणि बँकेचे व्यवहार कोण पाहणार, हे लेखी ठरवावे. हे काम शेवटच्या रात्रीवर ढकलले, की मैदानावर उभे असताना डोक्यात न भरलेले बिल फिरत राहते. मूळ कागदपत्रांचा एक संच बरोबर न्यावा, छायाप्रती घरी ठेवाव्यात, आणि हजर होण्याच्या वेळेच्या काही तास आधी त्या गावी पोहोचता येईल अशा बेताने प्रवास आखावा.