फ्रिज बिघडतोय का? कॉम्प्रेसर आणि तापमानाची नोंद अशी ठेवा

उन्हाळ्यात दूध नासायला लागलं की मेकॅनिकला बोलावलं जातं आणि 'गॅस भरावा लागेल' हे ऐकून पैसे मोजले जातात. त्याआधी एक दिवस नोंद ठेवा. नुसतं तापमान पाहून भागत नाही, कॉम्प्रेसर (गॅस दाबून नळ्यांतून फिरवणारी मोटर) किती वेळ चालला तेही सोबत हवं.

वायरला प्रोब (तापमान मोजणारं टोक) असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या. प्रोब मोकळा सोडला तर दार उघडताच आकडा चढतो, म्हणून तो पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवून मधल्या कप्प्यात ठेवा. सकाळी दार उघडण्याआधी आकडा बघा. 5 अंशांच्या आत असला पाहिजे. डबल डोअरच्या फ्रीझरमध्ये उणे 18 च्या आसपास.

मग दुपारी दार न उघडता कॉम्प्रेसर कधी सुरू झाला, कधी बंद पडला ते तीन-चार फेऱ्या लिहा. सुरू होताना 'टक्' आवाज येतो, मग बारीक घरघर. समजा 12 मिनिटं चालला आणि 18 मिनिटं थांबला, तर तो 40 टक्के वेळ चालतोय. खोलीचं तापमानही शेजारी लिहा, कारण मे महिन्यात हा आकडा वाढणारच. फ्रिज ठणठणीत असतानाची अशी एक नोंद जपून ठेवाच; पुढे तुलना तिच्याशीच करायची आहे.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवताना कॉम्प्रेसर थांबतो, तो बिघाड नव्हे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर बंद होण्याऐवजी वेग कमी करतो. तिथे प्लगला लावायच्या मीटरवर रोजचे युनिट मोजा.

कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि तरी आत गार होत नाही? आधी मागच्या कॉइलवरची धूळ काढा, भिंतीपासून फ्रिज सरकवा. दारात कागद धरून ओढा. सहज निघाला तर तिथलं रबर सैल आहे. एवढं करूनही फरक पडला नाही तरच गॅसचा संशय घ्या. तापमान चढूनही कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल, तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा भाग) तपासून घ्या. सुरू होऊन लगेच 'टक्' करून पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, तर दोष रिले (कॉम्प्रेसर सुरू करणारा स्विच), ओव्हरलोड (तो जास्त तापला की बंद करणारा स्विच) किंवा कमी व्होल्टेजचा असू शकतो. फ्रिज बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा.

मेकॅनिकला ही नोंद दाखवा. गॅस बंद नळ्यांतच फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे. ती आधी शोधून बुजवायला सांगा, गॅस नंतर.