गवत कापणी यंत्राचे इंजिन : दुरुस्त करावे की बदलावे?

गवत जोर धरू लागले की यंत्र बाहेर काढले जाते, आणि इंजिन बिघडल्याचे नेमके तेव्हाच कळते. मग घाईत एक तर चांगले इंजिन भंगारात जाते, नाहीतर संपलेल्या इंजिनावर पैसा ओतला जातो. ही तपासणी हंगामाच्या तीन-चार आठवडे आधी करा, म्हणजे सुटे भाग मागवायला वेळ राहतो.

निर्णय तीन भागांवर ठरतो : क्रँकशाफ्ट (पाते फिरवणारा मुख्य दांडा), सिलिंडरचा बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ती आतली भिंत) आणि क्रँककेस (क्रँकशाफ्टभोवतीचे इंजिनाचे कवच). हे तिन्ही शाबूत असतील तर बाकी जवळजवळ सगळे दुरुस्त होते. यातला एक जरी गेला, तरी छोट्या सिंगल सिलिंडर इंजिनात दुरुस्ती सहसा परवडत नाही.

हात लावण्याआधी स्पार्क प्लगची (ठिणगी देणाऱ्या भागाची) कॅप काढून बाजूला बांधा. यंत्र कलते करायचे तर एअर फिल्टर आणि कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) वरच्या बाजूला ठेवा. उलटे कलते केले की ऑईल एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरते. मग सुरू करताना पांढरा-निळा धूर येतो आणि रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) गेल्या असा गैरसमज होऊन इंजिन विनाकारण उघडले जाते.

पाते दगडावर किंवा बुंध्यावर आपटले असेल तर

पाते जागीच थांबते, पण शाफ्टच्या दुसऱ्या टोकावरचे जड चाक, फ्लायव्हील, वेगात असते. तो झटका फ्लायव्हीलची चावी (ते शाफ्टवर नेमक्या जागी धरणारा छोटा तुकडा) सोसते. ती मुद्दाम मऊ धातूची असते, म्हणजे तीच तुटावी आणि शाफ्ट वाचावा. चावी थोडी जरी कातरली गेली तरी ठिणगीची वेळ चुकते : इंजिन सुरू करायची दोरी हाताला उलटा हिसका देते, सायलेन्सरमधून बार निघतो किंवा इंजिन सुरूच होत नाही. फ्लायव्हील काढून पाहा. शाफ्टवरची आणि फ्लायव्हीलची खाच समोरासमोर यायला हवी. नवी चावी त्याच इंजिनाची घ्या. लोखंडाचा तुकडा घासून बसवू नका, कारण पुढचा झटका मग थेट क्रँकशाफ्टला बसतो. नट टॉर्क पान्यानेच (ठरलेला जोर दाखवणाऱ्या पान्याने) आवळा. इग्निशन कॉईल (ठिणगीसाठी वीज देणारी) आणि फ्लायव्हील यांमधले अंतर बहुतेक इंजिनांत ०.२५ ते ०.३५ मिमी असते, तरी आकडा माहितीपुस्तिकेतून पडताळा.

चावी बदलून समाधान मानू नका, शाफ्टही पाहा. प्लग आणि पाते काढा, दोरी सावकाश ओढा आणि शाफ्टच्या टोकाला असलेल्या बोल्टच्या भोकाकडे नीट बघा. भोकाचा मध्य जागेवर फिरला तर शाफ्ट सरळ आहे. तो गोल फेरा घेत असेल तर शाफ्ट वाकला. ठोकून किंवा प्रेसवर सरळ करून घेण्याचा सल्ला ऐकू नका. वाकलेल्या जागी बारीक भेग राहते, आणि चालू यंत्रात शाफ्ट तुटला तर पात्याचा वेग जीवघेणा असतो. इथे इंजिन बदलणे हाच निर्णय.

इंजिन जाम असेल तर

आधी पाते काढून दोरी ओढा. कधी पात्याजवळ गुंडाळलेले गवतच अडकलेले असते. तरीही फिरत नसेल तर प्लग काढा. भोकातून पेट्रोल बाहेर आले तर कार्बोरेटरची फ्लोट निडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळून सिलिंडर भरला आहे. निडल बदला, आणि ऑईलला पेट्रोलचा वास येत असेल तर तेही बदला. खर्च किरकोळ आहे. पडून राहिल्याने गंज धरला असेल तर प्लगच्या भोकातून गंज सोडवणारे तेल टाका, एक-दोन रात्री राहू द्या आणि फ्लायव्हीलच्या नटावरून हळूहळू हलवा. जोर लावू नका.

ऑईल संपून जाम झालेले इंजिन मात्र वेगळे. कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणारा दांडा) बहुधा अॅल्युमिनियमचा असतो आणि बेअरिंगशिवाय थेट क्रँकपिनवर, म्हणजे क्रँकशाफ्टच्या पिनवर, चालतो. ऑईल संपले की तो पिनला चिकटतो आणि तुटला की क्रँककेसला भोक पाडतो. भोक दिसले तर पुढचे काही उघडू नका, इंजिन बदला.

ताकद कमी, धूर जास्त

कार्बोरेटर आधी साफ करा. महिनाभराहून जुने पेट्रोल चिकट होऊन जेट (कार्बोरेटरमधले बारीक छिद्र) तुंबवते. इंजिन वर-खाली गुरगुरत असेल तर कारण बहुधा हेच. मगच कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमधल्या दाबाकडे) वळा. पुष्कळ इंजिनांत सुरू करताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी सोय असते, त्यामुळे गेजवरचा आकडा फसवा ठरू शकतो. लीक-डाऊन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून गळते ते पाहणे, अधिक भरवशाची. पाते काढा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून फ्लायव्हील घट्ट धरा आणि प्लगच्या भोकातून हवा सोडा. हवा कार्बोरेटरमधून निघाली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून निघाली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. हेडच्या कडेने फुसफुसली तर हेड पॅकिंग. ही तिन्ही कामे परवडतात. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर आधी टॅपेटचे अंतर (व्हॉल्व्ह आणि तो ढकलणारा भाग यांमधली फट) तपासा, नुसते तेच जुळवून काम भागू शकते.

ऑईल भरायच्या तोंडातून हवा जोरात आली तर रिंगा किंवा बोअर झिजला आहे. हेड काढून बोअरवर नख फिरवा. ओरखड्यात नख अडकले तर नुसत्या रिंगा टाकून उपयोग नाही, धूर लवकरच परत येईल. सिलिंडरला आतून बिडाची स्लीव्ह (नळी) असेल आणि ओव्हरसाईज (थोडा मोठा) पिस्टन मिळत असेल तरच बोअर मोठा करून घ्या. नुसत्या अॅल्युमिनियमच्या बोअरवर खर्च करू नका.

अशी झीज झाली असेल तर फिल्टरमागच्या नळीत बोट फिरवा. बारीक धूळ लागली तर फिल्टर नीट बसत नव्हता. ती फट तशीच ठेवून नवे इंजिन लावले तर तेही याच वाटेने जाईल.

बदलायचे ठरले तर

भाग आणि मजुरी मिळून नव्या इंजिनाच्या निम्म्याच्या वर जात असेल तर दुरुस्ती सोडा. पण यंत्राचा पत्रा गंजून पातळ झाला असेल, तर नवे इंजिनही त्यावर बसवू नका.

जुन्या शाफ्टचा व्यास कॅलिपरने मोजा. २२.२, २५ आणि २५.४ मिमी असे आकार असतात, आणि शेवटचे दोन नजरेला सारखेच वाटतात. शाफ्टची लांबी, चावीची खाच, टोकाच्या बोल्टचा आटा, बैठकीच्या भोकांमधले अंतर, सायलेन्सरची बाजू आणि ब्रेक केबलची जागा, सगळे लिहून घेऊनच इंजिन मागवा.

नवे इंजिन बहुधा ऑईलशिवाय येते. मागून चालवायच्या छोट्या यंत्रांत साधारण अर्धा लिटर लागते. सपाट जागेवर डिपस्टिक (ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहत भरा, मगच दोरी ओढा. पहिले ऑईल ५ तासांनी बदला, नंतर दर ५० तासांनी किंवा हंगामातून एकदा.